पुस्तकात उत्तरं नाहीत, परीक्षेत पुस्तक उघडायला परवानगी! होशंगाबादच्या खेड्यांत 30 वर्षं चाललेला विज्ञानाचा प्रयोग काय होता?

सहावीचं विज्ञानाचं पुस्तक. पण त्यात व्याख्या पाठ करायच्या नाहीत. पानोपानी प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं जवळपास कुठेच छापलेली नाहीत. उत्तर शोधायचं असेल तर चौघांनी मिळून प्रयोग करायचा, नाहीतर शाळेबाहेर पडून शेतात, ओढ्यावर जाऊन बघायचं. आणि परीक्षेला जाताना पुस्तक आणि वही दोन्ही सोबत न्यायची.

वाचून एखाद्या महागड्या इंटरनॅशनल स्कूलची किंवा फिनलंडची आठवण आली असेल. पण हे घडलं मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, साध्या सरकारी शाळांमध्ये. सुरुवात झाली 1972 साली. वर्गात बसायला बाकं नसलेल्या शाळाही त्यात होत्या. मुलं शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, आदिवासी घरांतली होती.

आज पन्नासहून अधिक वर्षांनी हा विषय पुन्हा महत्त्वाचा झालाय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये मुलांनी कृतीतून, शोधातून शिकावं असं स्पष्ट लिहिलंय. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही पाठांतर कमी करून शोध, चर्चा आणि प्रश्न यांवर भर देण्याची भाषा आहे. पण प्रत्यक्षात एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं, 'आधी यांचं बेसिक पक्कं होऊ दे, प्रयोग-बियोग नंतर बघू.' आणि हे वाक्य बहुतेक वेळा गरीब घरांतल्या, खेड्यापाड्यांतल्या, आदिवासी मुलांबद्दलच बोललं जातं.

होशंगाबादने नेमकं याच वाक्याला उत्तर दिलं होतं. कसं, ते समजून घेऊया.

शोधातून शिकणं म्हणजे नक्की काय?

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना 'ज्ञानरचनावाद' हा शब्द चांगलाच ओळखीचा आहे. मूल हे रिकामं भांडं नसतं, ते स्वतःच्या अनुभवातून ज्ञान बांधत असतं, असा त्याचा साधा अर्थ. शोधातून शिकणं ही त्याचीच वर्गात दिसणारी पद्धत. आधी प्रश्न, मग अंदाज, मग करून बघणं, नोंद ठेवणं, आणि शेवटी 'तुला असं का वाटतं?' याचं उत्तर पुराव्यासकट देणं.

पण 'प्रयोग केला म्हणजे शोध झाला' असं नसतं. हेदर बांची आणि रँडी बेल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 2008 मध्ये शोधाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या. त्या आपल्या स्वयंपाकघरातल्या हळदीवरून पटकन कळतात.

पहिली पायरी. शिक्षक सांगतात, 'साबण लावला की हळद लाल होते. आता करून बघा.' इथे उत्तर आधीच माहीत आहे, मुलं फक्त खात्री करून घेतात.

दुसरी पायरी. प्रश्न आणि कृती शिक्षकांची, उत्तर मात्र मुलांनी शोधायचं. 'हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी, चुन्याची निवळी आणि लिंबाचा रस टाका. काय होतं ते तक्त्यात लिहा.'

तिसरी पायरी. फक्त प्रश्न शिक्षकांचा. 'घरातल्या कोणकोणत्या वस्तू हळदीचा रंग बदलतात? कसं तपासायचं ते तुमच्या गटाने ठरवा.'

चौथी पायरी. प्रश्नही मुलांचाच. एखादी मुलगी विचारते, 'पारंपरिक कुंकू हळदीत चुना घालून करतात म्हणे. मग लिंबू पिळलं तर त्याची परत हळद होईल का?' आणि ती ते करून बघते.

बहुतेक शाळांमधले प्रयोग पहिल्या पायरीवरच थांबतात. अनेक ठिकाणी तर प्रयोग फळ्यावरच होतो. आकृती काढायची, कृती, निरीक्षण आणि अनुमान वहीत उतरवायचं, संपलं.

सहावी ते आठवीच का?

पाचवीपर्यंत परिसर अभ्यासात घर, गाव, झाडं, पाणी असे ओळखीचे विषय असतात. सहावीपासून विज्ञान हा वेगळा विषय म्हणून अंगावर येतो. आम्ल, आम्लारी, घनता, पेशी असे शब्द एकामागून एक येतात. ज्या घरात आई-वडील शिकलेले आहेत किंवा क्लासची फी परवडते, तिथे हे शब्द संध्याकाळी कुणीतरी समजावून देतं. ज्या घरातली ही पहिलीच शिकणारी पिढी आहे, तिथे तो शब्द वहीतच राहतो.

आणि याच वयात मुलं स्वतःबद्दल मत बनवतात. 'मला विज्ञान जमत नाही' हा निष्कर्ष अनेकदा सातवी-आठवीतच निघतो. पुढे दहावीनंतर शाखा निवडताना फक्त त्याची औपचारिकता उरते. विज्ञानाच्या क्षेत्रात गरीब, दलित, आदिवासी आणि खेड्यांतल्या मुली कमी का दिसतात, याची एक सुरुवात इथे आहे.

होशंगाबादमध्ये काय घडलं?

अनिल सद्गोपाल हे रेण्वीय जीवशास्त्रातले शास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या कॅलटेकमधून पीएचडी करून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये काम करत होते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ती नोकरी सोडली आणि होशंगाबाद जिल्ह्यात 'किशोर भारती' ही संस्था उभी केली. त्याच जिल्ह्यात रसुलिया इथे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' ही क्वेकर मंडळींनी सुरू केलेली संस्था आधीपासून काम करत होती. या दोन संस्थांनी मिळून मध्य प्रदेश सरकारकडे परवानगी मागितली. 16 सरकारी माध्यमिक शाळांमध्ये सहावी ते आठवीचं विज्ञान वेगळ्या पद्धतीने शिकवून बघायचं होतं.

सरकारने परवानगी दिली. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम असं त्याचं नाव पडलं. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि टीआयएफआरमधले शास्त्रज्ञ त्यात आले. पुढे देशभरातल्या विद्यापीठांतली, आयआयटींमधली माणसं सुट्ट्या काढून तिथे जाऊ लागली.

1978 मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांमध्ये लागू झाला. म्हणजे तो आता निवडक शाळांचा लाडका प्रकल्प राहिला नाही. 1982 मध्ये तो पुढे नेण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली. गुरूने शिकवायला नकार दिलेल्या मुलाचं नाव संस्थेला देण्यामागचा अर्थ वेगळा सांगायला नको. शेवटच्या टप्प्यात हा कार्यक्रम राज्याच्या अनेक जिल्ह्यांतल्या सुमारे हजार शाळांपर्यंत पोचला होता.

वर्गात काय चालायचं?

पुस्तकाचं नाव होतं 'बाल वैज्ञानिक'. ते एका अर्थाने कार्यपुस्तिका होती. काय करायचं ते सांगायचं, प्रश्न विचारायचे, आणि उत्तर मुलांच्या वहीत तयार व्हायचं. चार-चार मुलांच्या टोळ्या असायच्या. प्रयोग झाला की प्रत्येक टोळीची नोंद फळ्यावर यायची आणि मग चर्चा.

मोजमापाचंच उदाहरण घ्या. एकाच बाकाची लांबी पाच-सहा जणांनी मोजली तर प्रत्येकाचं उत्तर थोडं वेगळं येतं. नेहमीच्या वर्गात शिक्षक एक उत्तर बरोबर ठरवून बाकीच्यांवर फुली मारतील. इथे हा फरक हाच धड्याचा विषय होता. मोजताना घट-बढ होतेच. मग ती कशामुळे होते, कमी कशी करायची आणि कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा? खरं तर शास्त्रज्ञ आपल्या प्रयोगशाळेत हाच प्रश्न रोज सोडवत असतात.

'संयोग आणि संभाव्यता' हाही एक धडा होता. संभाव्यता म्हटलं की आपल्याला दहावी-अकरावीचं गणित आठवतं. इथे माध्यमिक शाळेतली मुलं नाणी उडवून नोंदी ठेवायची. एकट्याच्या दहा उडीत सात छापे येऊ शकतात. पण सगळ्या वर्गाच्या नोंदी एकत्र केल्या की आकडा अर्ध्याच्या जवळ सरकतो. सूत्र न सांगता मुलांच्या हाती कल्पना यायची.

परिभ्रमण, म्हणजे शाळेबाहेर पडणं, हाही अभ्यासाचाच भाग होता. पानं गोळा करून त्यांचे गट पाडायचे, पिकं आणि माती बघायची.

शिवाय 'सवालीराम' होता. हे एक काल्पनिक पात्र. मुलांनी मनात येईल तो प्रश्न पत्रावर लिहून सवालीरामला पाठवायचा आणि त्याच्याकडून खरंखुरं उत्तर यायचं. उत्तर लिहिणारी माणसं अर्थातच कार्यक्रमातली असायची. पण खेड्यातल्या मुलाच्या नावाने, त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारं पत्र घरी येणं ही साधी गोष्ट नव्हती.

प्रयोगशाळा कुठून आणली?

'आमच्याकडे लॅब नाही' हे प्रयोग न करण्याचं सगळ्यात मोठं कारण. होशंगाबादने ते बाजूला केलं. प्रत्येक शाळेला साहित्याची पेटी मिळायची, पण त्यातलं बरंचसं सामान स्वस्त आणि गावात मिळणारं असावं असा आग्रह होता.

विच्छेदनासाठी लागणाऱ्या सुईच्या जागी बाभळीचा काटा आला. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या परीक्षानळीसारख्या वापरल्या गेल्या. आम्ल-आम्लारी ओळखण्यासाठी फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन लागतं. ते तेव्हा जुलाबाच्या एका स्वस्त गोळीतही असायचं, हे लक्षात आल्यावर ती गोळी स्पिरिटमध्ये विरघळवून काम भागवलं गेलं.

आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेले आणि पुण्याच्या टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता 1978 मध्ये इथे आले. सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन असे आकार बनवले. काड्यांचा चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण मात्र वाकत नाही. पूल आणि छपरांच्या कैच्यांमध्ये त्रिकोण का असतात, हे मुलाच्या बोटांना कळतं. त्यांचं काडेपेटीच्या प्रतिकृतींचं पुस्तक एकलव्यने प्रकाशित केलं. पुढे 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

यातला फायदा फक्त पैशांचा नव्हता. काचेचं महागडं उपकरण फुटेल म्हणून कपाटात कुलूपबंद राहतं. बाभळीचा काटा मोडला तर दुसरा आणता येतो. त्यामुळे सामान खरोखर मुलांच्या हातात आलं.

शिक्षकांचं काय?

इथेच बहुतेक चांगल्या योजना अडखळतात. नवीन पुस्तक येतं, दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, पीपीटी दाखवली जाते, सह्या होतात आणि शिक्षक परत जुन्याच पद्धतीने शिकवू लागतात.

होशंगाबादमध्ये शिक्षकांची शिबिरं उन्हाळ्यात तीन-तीन आठवड्यांची असायची, तीही सलग तीन वर्षं. सहावीचा अभ्यासक्रम पहिल्या वर्षी, सातवीचा दुसऱ्या, आठवीचा तिसऱ्या. शिबिरात भाषणं कमी. शिक्षकांनी स्वतः टोळ्यांमध्ये बसून तेच प्रयोग करायचे, चुकायचं, वाद घालायचा. समोर विद्यापीठातला प्राध्यापक असला तरी 'हे पटत नाही' म्हणायची मुभा होती.

वर्षभर दर महिन्याला परिसरातल्या शिक्षकांची बैठक व्हायची. वर्गात काय अडलं, कोणता प्रयोग फसला, पुस्तकातला कोणता प्रश्न मुलांना कळत नाही, यावर बोलणं व्हायचं. शिक्षकांच्या सूचनांवरून 'बाल वैज्ञानिक'मध्ये बदल झाले. पुढे याच शिक्षकांमधून नवीन शिक्षकांना शिकवणारे तयार झाले.

कारण उघड आहे. ज्या शिक्षकाने स्वतः कधी 'मला माहीत नाही, चला शोधूया' असं म्हटलेलं नाही, त्याच्या वर्गात मूल तरी ते कसं म्हणेल?

परीक्षा बदलली, म्हणून बाकीचं टिकलं

या कार्यक्रमातला कदाचित सगळ्यात धाडसी भाग हाच. आठवीच्या परीक्षेतही मुलांना पुस्तक आणि वही सोबत नेता यायची. प्रश्न असे असायचे की पुस्तकातून उतरवून उत्तर मिळणारच नाही. एखाद्या प्रयोगाच्या नोंदी द्यायच्या आणि त्यातून निष्कर्ष काढायला सांगायचं. सोबत प्रात्यक्षिक परीक्षाही असायची, ज्यात हाताने काहीतरी करून दाखवावं लागायचं.

हे का महत्त्वाचं? कारण परीक्षा जे विचारते तेच वर्गात शिकवलं जातं. वर्षभर प्रश्न विचारायला शिकवलं आणि मार्चमध्ये व्याख्या विचारली, तर पुढच्या वर्षी मुलं, पालक आणि शिक्षक सगळेच व्याख्येकडे वळतात. त्यात त्यांचा दोषही नसतो.

वंचित मुलांना याचा वेगळा फायदा का?

पाठांतराच्या वर्गात भांडवल काय लागतं? पुस्तकी भाषा, घरी अभ्यासाची जागा, गाईड, क्लास, समजावून सांगणारं माणूस. हे ज्याच्याकडे आहे ते मूल पुढे जातं आणि आपण त्याला हुशार म्हणतो.

शोधाच्या वर्गात भांडवल बदलतं. कोणती माती पाणी धरून ठेवते, कोणती अळी कोणत्या पिकावर येते, महुआ कधी फुलतो, हे ज्याला माहीत आहे तो इथे जाणकार ठरतो. बऱ्याचदा ते मूल गुरं राखणारं, शेतात राबणारं असतं. त्याच्याकडचं ज्ञान वर्गात पहिल्यांदाच मोजलं जातं.

पण फक्त प्रयोग दिले की झालं, असंही नाही. दोन अडथळे लक्षात ठेवावे लागतात.

पहिला भाषेचा. होशंगाबाद परिसरात गोंड आणि कोरकू समाजाची वस्ती आहे. सातपुड्याच्या आपल्या बाजूला मेळघाटातही कोरकू मुलं आहेत. या मुलांची घरची भाषा वेगळी आणि शाळेची वेगळी. हातांनी प्रयोग नीट जमला तरी 'निष्कर्ष लिहा' म्हटल्यावर ती अडतात. म्हणून आधी स्वतःच्या बोलीत बोलायला, चित्र काढून दाखवायला वाव हवा. पारिभाषिक शब्द सगळ्यात शेवटी आला तरी चालतो. वस्तू ओळखीची झाली की तिचं नाव लक्षात राहायला सोपं जातं.

दुसरा अडथळा गटातल्या असमानतेचा. चौघांच्या गटात धीट मुलगा सामान हातात घेतो आणि मुलगी नोंदी लिहीत बसते, हे चित्र कुठल्याही वर्गात दिसू शकतं. शिक्षकांनी दर वेळी कामं फिरवली नाहीत तर बाहेरची उतरंड गटातही जशीच्या तशी येते.

हे फक्त भारतापुरतं आहे का?

नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरातल्या सरकारी शाळांमध्ये कृष्णवर्णीय आणि गरीब घरांतली मुलं मोठ्या संख्येने आहेत. तिथे मिशिगन विद्यापीठाच्या मदतीने सातवी-आठवीच्या वर्गांत शोधावर आधारित विज्ञान शिकवलं गेलं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मुलांची तुलना त्याच शहरातल्या इतर मुलांशी केली गेली. राज्याच्या नेहमीच्या परीक्षेतही शोधातून शिकलेल्या मुलांचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण जास्त होतं. मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय मुलग्यांमधलं आणि मुलींमधलं अंतरही कमी झालं होतं. म्हणजे 'शोधात वेळ घालवला तर मार्क जातील' ही भीती तिथे तरी खरी ठरली नाही.

दुसरी बाजूही आहे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या अभ्यासकांनी 2006 मध्ये एका गाजलेल्या लेखात इशारा दिला होता. नवशिक्या मुलांना फारसं मार्गदर्शन न देता 'तुम्हीच शोधा' म्हटलं तर त्यांच्या डोक्यावर ताण येतो आणि शिकणं कमी होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा आक्षेप गंभीर आहे, विशेषतः ज्या मुलांना घरी मदत नाही त्यांच्यासाठी. पण होशंगाबादच्या आणि डेट्रॉईटच्या वर्गांत मुलांना वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. प्रश्नांचा क्रम विचारपूर्वक रचलेला होता, शिक्षक प्रशिक्षित होते, सोबत साहित्य होतं. हळदीच्या उदाहरणात बोलायचं तर थेट चौथ्या पायरीवर उडी मारायची नाही. आधी दुसरी, मग तिसरी.

मग हे बंद का पडलं?

जुलै 2002 मध्ये मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. संपूर्ण राज्यात एकच अभ्यासक्रम असावा, अशी भूमिका पुढे आली. या पद्धतीने शिकलेली मुलं पुढच्या वर्गांत आणि स्पर्धा परीक्षांमध्ये मागे पडतात, अशी तक्रार स्थानिक पातळीवर होत होती. देशभरातल्या अनेक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी निर्णयाला विरोध केला, पण तो मागे घेतला गेला नाही.

पालकांची काळजी समजण्यासारखी होती. आठवीपर्यंत मूल प्रश्न विचारतं, नववीत गेलं की पुन्हा तेच पाठांतर, तीच बंद पुस्तकाची परीक्षा. शेजारच्या खासगी शाळेतली मुलं पहिल्यापासून तेच करत आलेली. कमी साधनं असलेल्या कुटुंबाला असा धोका पत्करणं परवडत नाही.

म्हणजे होशंगाबादने सहावी ते आठवीत अभ्यासक्रम, साहित्य, शिक्षक आणि परीक्षा हे चारही पाय एकाच वेळी हलवले. पाचवा पाय, म्हणजे नववीपासून पुढची व्यवस्था, त्यांच्या हातात नव्हता.

तरीही सगळं वाया गेलं नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात पाठांतरापेक्षा समजून घेण्यावर, शाळेतलं ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडण्यावर जो भर दिसतो, तीच दिशा होशंगाबादमध्ये आधी वर्गात वापरून झाली होती. होशंगाबादचं नाव आता नर्मदापुरम झालंय. पण शिक्षणाच्या चर्चेत जुनं नावच चालतं.

महाराष्ट्राचं यात काय नातं?

बरंच आहे. टीआयएफआरमधले शास्त्रज्ञ भा. मा. उदगावकर आणि वि. गो. कुलकर्णी यांनी 1970 च्या सुमारास मुंबई महापालिकेच्या शाळांमधलं विज्ञान शिक्षण सुधारण्यासाठी काम सुरू केलं होतं. त्यातूनच 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं. या केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यात ग्रामीण शाळांसोबत काम केलं.

पुढे कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी महापालिका शाळांमधल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसोबत एक प्रकल्प राबवला. ही मुलं मागे का पडतात? बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर पुस्तकाची भाषा आणि वर्गात बोलायची संधी न मिळणं हे मोठे अडथळे आहेत, असं त्यातून पुढे आलं. ते अडथळे दूर केल्यावर निकाल सुधारले.

होशंगाबादहून निघालेले अरविंद गुप्ता नंतर पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं होते. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवण्याचे त्यांचे व्हिडिओ मराठीसह अनेक भाषांत मोफत उपलब्ध आहेत. एकलव्यच्या 'संदर्भ' या हिंदी नियतकालिकापासून प्रेरणा घेऊन पुण्यातून 'शैक्षणिक संदर्भ' हे मराठी नियतकालिकही सुरू झालं.

आज एखादी शाळा 'आम्ही कृतीतून शिकवतो' म्हणते तेव्हा काय बघायचं?

रंगीत भिंती, टिंकरिंग लॅबचा बोर्ड आणि विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी यावरून काहीच कळत नाही. पालक म्हणून, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य म्हणून किंवा शिक्षक म्हणून हे पाच प्रश्न विचारून बघा.

1. सामान मुलांच्या हातात जातं की शिक्षक टेबलावर करून दाखवतात?

2. गटातल्या प्रत्येकाला, मुलींसकट, प्रयोग करायला मिळतो का?

3. मुलांच्या वह्यांमधल्या नोंदी वेगवेगळ्या आहेत का? चाळीस वह्यांत शब्द न् शब्द सारखं निरीक्षण असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे.

4. मुलाला त्याच्या बोलीत उत्तर देता येतं का?

5. आणि परीक्षेत एक तरी प्रश्न असा असतो का, ज्याचं उत्तर पुस्तकात सापडत नाही?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर पहिल्या चारांची उत्तरं फार दिवस 'हो' राहणार नाहीत. होशंगाबादने हेच दाखवून दिलं. बाक नसलेल्या शाळेतलं, पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरातलं मूलही विज्ञान करू शकतं, आणि त्यासाठी आधी सगळं 'बेसिक' पाठ व्हायची वाट बघावी लागत नाही. वाट बघावी लागते ती मोठ्या माणसांनी परीक्षा बदलण्याची.